अंथरूण वेगळं घातल्याचा खुलासा

मु. वाघदरा, ता. संगमनेर
११ फेब्रुवारी १९७१

सौ. वन्सं छबूताई यांना मनकर्णेचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्यांना उतार पडला हे वाचून बरं वाटलं. जावईपाहुण्यांचा खोकला कसा आहे ते मात्र लिहिलं नाहीत (रागाच्या भरात राहून गेलं असेल). इकडे दोन्ही मुलं खुशाल आहेत, म्हैस गाभण आहे, आणि आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. आता तुमच्या रागाकडे वळते. "माझ्या भावाचं अंथरूण ओसरीवर का गेलं, याचा जाब दे," असं तुम्ही लिहिलंत. आत्याबाईंनी निरोप धाडला असणार. जाब देते. पण गोष्ट तुमच्या सख्ख्या भावाची आहे आणि कमरेखालची आहे, तेव्हा दार लावून वाचा.

दिवाळी झाल्यावर दूध सोसायटीनं ह्यांना तीन दिवसांच्या शिकवणीला संगमनेरला पाठवलं. तिथं कुणा साहेबांनी दुधाच्या कॅनच्या सांध्यात जंतू कसे बसतात ते काचेतून दाखवलं. तेव्हापासून माणूस बदलला. ज्यांच्या हातात मी लग्न झाल्यापासून साबण कोंबत आले (तुमचे भाऊ आहेत, तुम्हाला मी काय सांगायचं), ते कोपरापर्यंत हात धुऊन जेवायला बसू लागले. मला समाधानच वाटलं. पण पंधरा दिवसांनी असं व्हायला लागलं, की आम्ही नवराबायको जवळ आलो की तासाभरात मला जागेवर आग आणि खाज सुटायची. दोन दिवसांत कमी व्हायची, पुन्हा जवळ आलो की पुन्हा तेच, आणि दर खेपेला थोडं जास्तच. पुढंपुढं तर लघवीला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

सांगायचं कुणाला? आत्याबाईंना मांडीला खाज सुटते एवढंच बोलले. त्या म्हणाल्या, "अंगात उष्णता लई झालीया." माझं वांगं बंद झालं, मिरची बंद झाली, सकाळी सब्जा सुरू झाला. महिनाभर मी आजाऱ्यासारखी जेवले. खाज होती तिथंच. मग माझ्या ध्यानात आलं की हेही खाजवतात. दूध मोजायला उभे राहिले की एक पाय दुसऱ्यावर घासायचे. आणि एक दिवस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मलमाची डबी सापडली. एस.टी. स्टँडजवळ तंबू ठोकून बसतो त्या जडीबुटीवाल्याची, वास अगदी बैलगाडीच्या वंगणाचा. त्या डबीनं माझं डोकं फिरलं. संगमनेरला तीन दिवस, तेव्हा तिथं तमाशाचा फड उतरलेला, आणि वर हे मलम. मी बोलणं सोडलं आणि ह्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं. इथवर आत्याबाईंचा निरोप खरा आहे.

चौथ्या दिवशी गोठ्यात हे कडबा तोडत होते, तिथं जाऊन मी सरळ विचारलं.

"संगमनेरात तीन रात्री कुठं होता?"

"धर्मशाळेत. एका खोलीत आठ जण हुतो. शेजारचा कारभारी संगं हुता, इचार त्याला."

"मग मला हे कशानं झालं?"

ह्यांनी हातातली पेंढी खाली टाकली. मग खाली बघूनच म्हणाले, "मला वाटलं, मलाच तुझ्याकडनं झालं. पर तुला इचारायचं कसं?"

वन्सं, मला तेव्हा राग यायला हवा होता. पण दोन महिने हा माणूस मनात एवढं घेऊन वावरला, आणि मला एक वाकडा शब्द बोलला नाही. मला तिथंच कडब्यावर बसून रडू आलं. दुसऱ्या दिवशी दोघं एस.टी.नं संगमनेरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी तपासलं, लघवीत साखर आहे का ते पाहिलं (नव्हती), आणि प्रश्न विचारले. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, रबरी साधन वापरता का, कारण काहींच्या कातडीला ते रबर सोसत नाही. शेवटी विचारलं, धुता कशानं? तेव्हा हे छाती काढून म्हणाले, "सोड्यानं." कॅन धुवायचा सोडा, वन्सं. हे रोज मूठभर घरी आणत होते. आधी आणि नंतर, कोमट पाण्यात. माझी काळजी म्हणून माझीही बादली तेच भरून ठेवायचे. (मला वाटायचं, तुरटी आहे.)

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "अहो, त्यानं डब्याला चिकटलेली साय निघते. माणसाच्या कातडीचं काय उरेल?" सोड्यानं आग पडली आणि सोललेल्या जागी बुरशी धरली, असं त्यांनी सांगितलं. ती एकमेकांना लागत राहते, म्हणून औषध दोघांनी घ्यायचं. आत नुसतं पाणीही घालून धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. जवळ येताना घाई करू नये, कोरडेपणानंही कातडी सोलते. फोड आले, ताप आला किंवा घाण वास आला तर मात्र त्याच दिवशी या. आणि खाज सुटली म्हणजे कुणी बाहेर तोंड मारलं असं दरवेळी नसतं, हे त्या आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाल्या.

औषध जांभळं होतं. दोघांनी लावायचं, आणि तीन आठवडे लांब राहायचं. म्हणजे ओसरीवरचे पहिले चार दिवस माझे, बाकीचे डॉक्टरीणबाईंचे. धोतरावरचे डाग बघून आत्याबाईंनी विचारलं, "माघात जांभळं कुठली मिळाली रं?" ह्यांनी शाई सांडली म्हणून सांगितलं. सोसायटीत शाई निळी असते.

आता दोघांनाही पूर्ण आराम आहे. पाहुण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. राग उतरला असेल तर दोन ओळी लिहा.

तुमची,
मनकर्णा

ता.क. सोडा सोसायटीत परत गेला. हे आता साध्या पाण्यानं धुतात, पण साहेबांचा अवमान झाल्यासारखं तोंड करून.

ता.क. दुसरा. तीन आठवडे परवाच पुरे झाले. पण ओसरीचं कोडं उलगडावं म्हणून आत्याबाई हल्ली मधल्या दारात अंथरूण घालतात, आणि त्यांची सावध झोप तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा त्यांना आठ दिवस गोदावरीच्या स्नानाला तुमच्याकडे पुणतांब्याला ठेवून घ्या. पंधरा ठेवलंत तर उपकार होतील.

ता.क. तिसरा. तुम्ही बोलावलंय असं मी त्यांना आधीच सांगून टाकलं आहे. हे पत्र त्याच घेऊन येत आहेत. त्यांना अक्षर येत नाही, आणि यात उडदाच्या पापडांची कृती आहे असं मी म्हणाले आहे. त्या समोरच बसल्या असतील. तोंड सांभाळा, आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या तर पापडखार किती घालायचा तेवढं सांगा.