लाइन उघडी ठेवली आहे

३ जून, सोमवार

मापाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहितेय. कॉम्प्युटर बसवणारा फोनवर म्हणाला, मशीन काय काय करतं ते रोज लिहून ठेवा, म्हणजे बिघाड सापडतो. म्हणजे बिघाड होणार हे आधीच ठरलंय. वाचणारं कुणी नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आंघोळ.

मुलाने कॉम्प्युटर पाठवलाय. इंटरनेट जोडलं की रोज पत्र येतं-जातं म्हणे. रविवारी दहाला फोन करतो, तेवढा मला पुरतो. ऑगस्टमध्ये तो आणि सून पंधरा दिवस येणार की नाही, ते रजा मिळाली की कळवणार आहे. आले तर आले. मी काही उंबऱ्यात बसलेली नाही. त्याच्या खोलीचे पडदे धुतले ते मळले होते म्हणून.

निश्चय: शुक्रवारपर्यंत इंटरनेट चालू. तीस वर्षं शिवणाचं मशीन चालवलं. ह्याला तर सुईसुद्धा नाही.

४ जून, मंगळवार

कॉम्प्युटरवाला आला. टक्कल, घाम, आणि बोलणं फार. मोडेम नावाची डबी आणली. भिंतीतली फोनची वायर डबीत, डबीतली दुसरी फोनला. बटण दाबलं तर आधी टिकटिक, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं, मग नळात हवा आल्यासारखी खरखर. म्हटलं, मोडलंत ना? तर म्हणे, मावशी, ते असंच बोलतं.

मग शिकवायला बसला. चार मिनिटं ऐकलं. कळलं. म्हटलं, निघा आता, मला तीन पँटींच्या चेनी बसवायच्यात. दारात चपला घालता घालताही सुरूच, मावशी, काम झालं की लाइन तेवढी... मी दार लावलं. शिकलेल्या माणसांना एकच गोष्ट दोनदा सांगायची खोड असते.

५ जून, बुधवार

सकाळी ७. जोडलं नाही.

७.१०. नाही.

७.२५. नाही. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं. इंग्रजी अक्षरं मला कपड्यांच्या लेबलांवरून येतात, एक्सएलच्या पुढे गाडी जात नाही. चित्र काढावं तशी अक्षरं उतरवून घेतली आणि खालच्या टीचरबाईंकडे नेली. रिटायर झाल्यापासून त्या घरीच असतात. मला नाही बाई असं रिकामं बसता येत. त्या म्हणाल्या, फोनमध्ये आवाज नाही म्हणतंय. म्हटलं, फोनला काय धाड भरलीय? वर येऊन बघते तर केर काढताना वायर निघाली होती आणि मी ती भलत्याच भोकात घातली होती. दोन भोकं हुबेहूब सारखी ठेवणाऱ्याची चूक. मी असं काम केलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.

८ जून, शनिवार

निश्चय शुक्रवारीच पुरा झाला असता, पण नशीब. आज अकराव्या वेळेला जोडलं. दोन मिनिटं टिकलं, तुटलं. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. म्हणाला, तुमच्या तारेतच खरखर आहे, लाइनमनला बोलवा. म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, मावशी, तुम्ही बोलू कुठे दिलंत. उद्धट.

९ जून, रविवार

दहाला फोन आला. मुलगा म्हणाला, आई, झालं का गं जोडून? म्हटलं, केव्हाच. म्हणाला, मग एक ओळ तरी पाठव की. म्हटलं, कामातून सवड झाली तर बघू. रजेच्या अर्जावर साहेबाने अजून सही केलेली नाही. म्हटलं, माझ्यासाठी कुणी ओढाताण करू नका, मला इथे मान वर करायला फुरसत नाही. तो म्हणाला, बरं.

सहा मिनिटं बोललो. घड्याळ फोनच्या वरच आहे, म्हणून दिसलं.

११ जून, मंगळवार

कुठल्या मराठी अक्षराला कुठलं इंग्रजी, ते टीचरबाईंनी कागदावर लिहून दिलं. एकेक अक्षर शोधत पत्र टाइप केलं. मी बरी आहे. तू कसा आहेस. सून कशी आहे. आई. सव्वा तास. पाठवायचं बटण दाबायला आणि लाइन तुटायला एकच गाठ. सगळं पाण्यात.

मग शांतपणे विचार केला आणि मर्म सापडलं. आमच्या धंद्यात शिवण अर्ध्यात तोडत नाहीत. धागा तोडला की जोड आलाच आणि जोड आला की उसवलंच. हे कॉम्प्युटरवाल्याला कोण शिकवणार? ह्यापुढे नियम: एकदा लाइन लागली की आपण होऊन तोडायची नाही.

१३ जून, गुरुवार

लाइनमन आला. सरळ खांबावर चढला. तारेचा जोड गंजला होता, तो बदलला. खाली येऊन म्हणाला, ताई, आता दिवसभर चालू ठेवलीत तरी तुटायची नाही. बघा! माझाच नियम. पाणी प्यायला. घरात आणखी कोण असतं, विचारलं. म्हटलं, सध्या कुणी नाही. चहाला थांबा म्हटलं तर अजून चार तक्रारी आहेत म्हणाला.

तो गेल्यावर पत्र पुन्हा टाइप केलं. गेलं!!

१५ जून, शनिवार

उत्तर आलं. आई, शाब्बास. उद्या फोन करतो, रजेचं तेव्हा बोलू. एवढंच. सुरुवात म्हणून ठीक. बाकीचं मागून येत असेल.

आता सकाळी सातला लाइन जोडते ती रात्री निजताना बंद करते. दार बंद दिसलं की पोस्टमन परत जातो, हे लहान पोराला कळतं. डबीचे दिवे छान लुकलुकतात. शिवणाचं मशीन तिच्या शेजारी आणून ठेवलंय, तिथे उजेड बरा आहे. फोनवर उशी ठेवली. मध्येच कुणी फोन उचलला तर लाइन तुटते, असं कॉम्प्युटरवाला म्हणाला होता. कुणी म्हणजे कोण? घरात मीच.

१६ जून, रविवार

सातला लाइन जोडली. दहा वाजले. सव्वादहा. अकरा. फोन नाही.

कामात असेल. मीही कामातच होते. एकच बाही तीनदा उसवली, कापडच वाईट.

१७ जून, सोमवार

मुलाचं पत्र. काल फोन लागला नाही, पुढच्या रविवारी करतो. लागला नाही म्हणे! माझी लाइन आता काचेसारखी आहे. करायचा नसला की फोन लागत नाही.

जिन्यात टीचरबाई भेटल्या. त्याही तेच. सकाळपासून तुमचा फोन एंगेज, कुणाशी बोलत असता हो एवढं? त्या चष्म्याशिवाय नंबर फिरवतात, दुसरं काय. पण म्हटलं, आहेत खूप लोक. बोलणाऱ्याला माणसांची वाण नसते. त्या म्हणाल्या, छान आहे बाई तुमचं.

२० जून, गुरुवार

लाइनमनला पुन्हा बोलावलं. बारीक गुणगुण ऐकू येते म्हणून सांगितलं. सगळी तार तपासून म्हणाला, ताई, मला तर काही ऐकू येत नाही. म्हटलं, नीट ऐका, बसून ऐका. बसला. पण नाही ऐकू आलं. टेबलावर दोन कप काढून ठेवले होते ते त्यातला एक गळतो का बघायला. तो बसलाच आहे म्हणून त्याला दिला. बायकोची तब्येत, मुलीची शाळा, सगळं सांगितलं त्याने. पाऊण तास गेला माझा. कामाच्या वेळी लोक असे बोलत बसतात.

२३ जून, रविवार

सातपासून लाइन उघडी. फोन नाही.

२४ जून, सोमवार

पत्र आलं, कालही एंगेज होता, कुणाशी बोलत होतीस? आता हाही टीचरबाईंचंच गाणं गातोय. आईला फोन करायचा राहिला असं सरळ सांगावं.

मग मीही लिहिलं. फोन नाही केलास तरी चालेल. इथे माझे खूप लोक झालेत. वेळ नसतो. आई. चाळीस मिनिटांत टाइप केलं. रागात बोटं चांगली चालतात.

आता घाबरून लगेच फोन करेल.

२६ जून, बुधवार

उत्तर आलं. वा आई, वाचून खूप बरं वाटलं.

बरं काय वाटायचंय त्यात?

३० जून, रविवार

फोन नाही. दिवसभर डबीसमोरून हलले नाही. दोन गिऱ्हाइकं दार वाजवून गेली बहुतेक.

निश्चय: त्यांची रजा मंजूर झाली की सांगायचं, माझ्या सोयीने या. आणि मग माझी सोय आहे म्हणायचं.

७ जुलै, रविवार

सातला लाइन जोडली. ९.४० ला लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, डबी बंद. लाइटवाल्यांना नेमका रविवारच सापडतो.

१०.०२. उशीखाली फोन वाजला.

मुलगाच. आई! सापडलीस एकदाची! दर रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावत होता. आधी घाबरला. मग टीचरबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, आई मजेत आहे, तिला बोलायला खूप माणसं आहेत. वर माझं पत्र. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, आई, तू एकटी पडलीयस म्हणून इतकं टोचायचं गं मनाला. रजा मिळाली, पण आता तुझ्या गडबडीत आम्ही नको. ही म्हणत होती समुद्रावर जाऊ, तर ऑगस्टचं तिकडचं ठरवलं. चालेल ना?

म्हटलं, न चालायला काय झालं?

म्हणाला, कोण गं हे सगळे लोक? म्हटलं, तू नाही ओळखत. तर खो खो हसला. असं लहानपणी हसायचा. सून मागून काहीतरी म्हणाली, तीही हसली. म्हणाला, आता दर रविवारी तुला अडवत नाही, पत्र टाकत जाईन. म्हटलं, तेच बरं.

किती मिनिटं झाली, बघितलं नाही.

८ जुलै, सोमवार

कॉम्प्युटरवाल्याला फोन करून विचारलं, इंटरनेट चालू असताना बाहेरचा फोन येतो का? तो म्हणाला, मावशी, तार एकच, कसा येईल? करणाऱ्याला एंगेज लागणार. काम झालं की लाइन बंद करा, दारात तेच तर सांगत होतो. म्हटलं, सांगितलं असेल. आणखी काही अडचण आहे का, विचारलं. म्हटलं, नाही.

दुपारी मुलाला पत्र लिहायला बसले. सगळं खरं लिहिलं. लाइनवर कुणी नव्हतं. नुसती डबी चालू होती आणि मी तिच्या शेजारी बसून पँटी शिवत होते. बोलायला कुणीसुद्धा नाही. समुद्र पुढच्या वर्षी बघा, ह्या वर्षी घरी या. दोन तास लागले. एकदा वाचलं. त्याचं ते कालचं हसणं आठवलं.

पुसलं.

लिहिलं: मजा करा. पाण्यात फार आत जाऊ नका. आई.

बटण दाबलं. पहिल्या झटक्यात गेलं, एकदाही तुटलं नाही. चला, मशीन हाताखाली आलं एकदाचं.