कवळी माझ्या ताब्यात

२९ ऑक्टोबर

नवीन वही, नवीन सुरुवात. नियम एकच: लिहिलेलं पान पुन्हा वाचायचं नाही. ज्यांच्या काही लक्षात राहत नाही, त्यांनी मागची पानं चाळावीत.

घरात माझ्याबद्दल उगाच एक गैरसमज आहे. मी विसरभोळा आहे म्हणे. मागे काकूनं दुधाकडे बघायला सांगितलं होतं. मी बघत होतो. ते उतू गेलं तेव्हाही बघतच होतो. याला विसरणं म्हणत नाहीत.

तरी खबरदारी म्हणून एक पद्धत बसवली आहे. काही लक्षात ठेवायचं असलं की घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात घालायचं. तिथे ते खुपत राहतं. काम झालं की परत डावीकडे. सोपं आणि शास्त्रीय.

पहिला प्रयोग काकांच्या कवळीवर. काका परवा रिटायर होतायत. बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारतात. सगळं गाव त्यांचा आवाज ओळखतं, चेहरा कोणी ओळखत नाही. परवा पाचची गाडी पुकारून झाली की साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायची परवानगी दिली आहे, त्याच माइकवरून. पण वरची कवळी सैल झाली आहे. बोलताना मध्येच खाली उतरते, आणि जिभेनं ती वर ढकलेपर्यंत वाक्य थांबतं.

घरात डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असताना ही वेळ यावी, हे माझ्याच मनाला लागलं. मी म्हटलं, आतून नवीन अस्तर लावून देतो, एका दिवसाचं काम. काका का-कू करत होते. म्हणाले, अरे सैल आहे, पण आहे ना. काकू म्हणाली, परवाचं भाषण होऊ दे, मग काय करायचं ते कर. मी वेळेत देण्याचा शब्द दिला. काकांनी बेसिनपाशी पाठ करून कवळी काढली, धुतली आणि वाटीत घालून माझ्या हातात दिली. क्षणात म्हातारे दिसायला लागले. मला कसंसंच झालं.

घड्याळ उजव्या हातात.

३० ऑक्टोबर

काम जवळजवळ फत्ते.

कवळी प्लास्टरमध्ये पुरून पितळी डब्यात बंद केली. याला आम्ही फ्लास्क म्हणतो. आता हा डबा गरम पाण्याच्या टाकीत रात्रभर मंद शिजवायचा, मग बाहेर काढून आपोआप गार होऊ द्यायचा. घाईनं उघडला तर कवळी वाकते. हे मॅडमनी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. मॅडम असंही म्हणाल्या, माणसाची एकुलती एक कवळी समारंभाच्या आदल्या दिवशी कोणी शिजवतं का? मी म्हटलं, मॅडम, प्लॅनिंग आहे.

संध्याकाळी डबा टाकीत ठेवला, बटण दाबलं, घरी आलो.

काका आज कामावर असूनही माइकसमोर बसले नाहीत. उद्यापासून, काकांची पाचची गाडी सोडून, एका बाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग लागणार आहे, त्याची आजच चाचणी झाली. काका दिवसभर तोंडावर रुमाल धरून ते ऐकत बसले म्हणे. जेवताना दुधात भिजवलेला ब्रेड खाल्ला. काकू त्यांच्याकडे बघेना आणि माझ्याकडे बघणं थांबवेना.

एक गुपित मात्र फक्त मला माहीत आहे. बाथरूमची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. गेला आठवडाभर काका नळ सोडून आत भाषणाची तालीम करतात. आधी प्रवाशांचे आभार, मग उशिरा सुटलेल्या गाड्यांबद्दल माफी. आणि शेवटी एक वाक्य आहे, काकूसाठी. इतक्या वर्षांत काका काकूला घरात असं काही म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. काकूला पत्ताच नाही. मी पलंगावर उठून बसलो होतो ते वाक्य ऐकून.

इथे लिहीत नाही. काकूचं आहे, तिनंच आधी ऐकावं. शिवाय मला तोंडपाठ आहे.

३१ ऑक्टोबर, सकाळी सहा

उठलो. मोठा दिवस. दहापर्यंत कवळी घरी, साडेदहाला काकांचं पोटभर खाणं, अकराला माझं कौतुक.

साडेआठ

बसमध्ये लक्षात आलं की दोन पायांत दोन वेगळे बूट आहेत. दोन्ही काळे. इतक्या बारकाईनं कोण बघतं? कंडक्टरनं बघितलं.

अ‍ॅप्रन घरी राहिला. अ‍ॅप्रनशिवाय लॅबमध्ये सोडत नाहीत. लंबूचा मागून घेतला. लंबू माझ्या वर्गातला, त्याला हे नाव उगाच पडलेलं नाही. अ‍ॅप्रन माझ्या घोट्यापर्यंत आला आहे. लॅबवाला म्हणाला, आत जा, पण फरशी पुसू नकोस, आत्ताच पुसली आहे.

नऊ

टाकीतलं पाणी गार.

मी बटण दाबलं होतं. स्पष्ट आठवतंय. भिंतीवरचा खटका चालू करायचा राहिला, ही गोष्ट वेगळी. यंत्र आणि भिंत यांची जबाबदारी एकाच माणसावर टाकणं चूक आहे.

मंद शिजवलं तर संध्याकाळ होईल. म्हणून आच मोठी केली. दुपारी एकला काढायचं. एक म्हणजे एक. घड्याळ उजवीकडेच आहे.

साडेअकरा

काकूचा फोन. काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेत. कुठवर आलं, विचारते. निघालोच, म्हणालो. मनानं निघालोच होतो.

दीड

कॉलेजच्या क्लिनिकमधून बाहेर पडताना घड्याळ खुपलं. पद्धत काम करते आहे! काहीतरी करायचं होतं. विचार केला आणि चटकन आठवलं: लायब्ररीचं पुस्तक. धावत गेलो, कपाटातून पुस्तक काढलं, परत केलं, सही केली. लायब्ररीच्या बाई खुश झाल्या, म्हणाल्या, मुदतीच्या आधी आणून देणारा तू पहिलाच. छाती फुगवून जिना उतरलो. घड्याळ डाव्या हातात घेतलं.

उतरता उतरता प्लास्टरचा वास आला.

लॅबला कुलूप. लॅबवाला जेवायला गेला आहे. आत टाकी उकळते आहे, बाहेरून बुडबुडे ऐकू येतायत. काचेवर नाक लावून उभा आहे. पुस्तकासाठी मी गेलोच का? मुदत पुढच्या आठवड्यात होती.

पावणेतीन

लॅब उघडली. डबा हातात धरवत नव्हता. मॅडम आल्या. म्हणाल्या, टेबलावर ठेव आणि हात लावू नकोस, निदान दोन तास. मी मान हलवली. त्या वळल्या.

दोन तास कोणाकडे आहेत? नळाखाली धरला. चर्र झालं. उघडला.

अखंड निघाली! घासली, पॉलिश केली. गुलाबी, चकचकीत, नव्या कपबशीसारखी. टेबलावर ठेवली तर किंचित डुलते. टेबल वाकडं असावं. दुसऱ्या टेबलावर ठेवली. कॉलेजातली सगळी टेबलं वाकडी आहेत, तक्रार करायला हवी.

चार

बसमध्ये. कवळी पाण्याच्या डबीत, डबी दोन्ही हातांत. काहीही झालं तरी ही डबी विसरायची नाही. विसरलो नाही. छत्री कॉलेजात राहिली, पण तिचा इथे संबंध नाही. काकूला कळवलं, मी घरी येत नाही, तुम्ही दोघं सरळ स्थानकावर या.

रात्री, जेवणानंतर

क्रमानं लिहितो म्हणजे डोकं शांत होईल.

साडेचारला पोचलो. काका माइकच्या खोलीत एकटे होते. काचेचं छोटं केबिन, टेबलावर गाड्यांचा तक्ता, पाण्याचा तांब्या. मला बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी दोन वेगळ्या बुटांवर ताठ उभा राहिलो. डबी पुढे केली. त्यांनी पाठ केली, कवळी बसवली, वळले.

एका बाजूला टेकत होती, दुसऱ्या बाजूला नाही. तोंड उघडलं की सुटायची. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितली. डोळ्यांत पाणी आलं. तालूला लागत असणार. मी म्हटलं, नवीन आहे, सवय झाली की बसेल. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा सुटली. मग काढली, स्वच्छ धुतली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. राहू दे, म्हणाले. तेवढं समजलं.

मी म्हटलं, आज राहू दे ना, मी साहेबांना सांगतो. ते नाही म्हणाले. उद्या माइक नाही, म्हणाले. हेही समजलं.

मी बाहेर काकूजवळ जाऊन बसलो. ती फलाटासमोरच्या बाकावर, बरोबर कर्ण्याच्या खाली, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. काय झालं, तिनं विचारलं. किरकोळ फिटिंगचा प्रश्न, म्हणालो. इतकी वर्षं मला सांभाळून तिला पुढचं विचारावं लागत नाही.

पाचला काका बोलायला लागले. गाडी कुठे जाणार, कुठल्या फलाटाला लागणार, काही म्हणजे काही कळेना. आवाज तोच, भारदस्त, पण शब्दांना धारच नाही. लोक मान वर करून कर्ण्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, मशिन बिघडलं वाटतं. एका पोरीनं खुदकन हसून आईकडे बघितलं. काका थांबले नाहीत. गाडी संपवून आभारांवर आले. मला तालमीमुळे कळत होतं. काकूलाही सगळं कळत होतं, कारण रोज सकाळी कवळी घालायच्या आधी ती त्यांना असंच ऐकते. ती हळूच मला अर्थ सांगत होती: आता प्रवाशांना नमस्कार करतायत, आता उशीर झालेल्यांची माफी मागतायत. चेहरा अभिमानानं नुसता भरून आला होता.

मी वाट बघत होतो. पुढचं वाक्य तिचं होतं. तिला कळणार होतं. सगळ्या स्थानकात फक्त तिलाच कळणार होतं आणि तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात खट्‌ झालं आणि त्या बाईंचा आवाज आला. स्वच्छ, गोड. पाचची गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. साहेबांना खरोखर वाटलं की माइक खराब झाला. त्यांनी ऑफिसातून रेकॉर्डिंग लावलं. त्यांचाही दोष नाही. तांत्रिक बिघाड. माझा तसा थेट संबंध येत नाही.

काचेतून काका दिसत होते. त्यांना आत कळलंच नव्हतं. ते बोलतच होते. वाक्य पुरं केलं, काकू बसली होती तिकडे बघितलं आणि हसले. काकूनं हात हलवला. मग मला विचारलं, शेवटी काय म्हणत होते रे?

मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो.

घरी मात्र सत्काराची माणसं आली, हार, फोटो. काका सगळ्या फोटोंत ओठ मिटून आहेत. आता दोघं झोपलेत.

पहिल्यांदाच कबूल करतो: मला फार वाईट वाटतंय. उद्या उठल्याबरोबर दोन कामं. काकांची माफी मागायची. नीट, समोर उभं राहून. आणि काकूला ते वाक्य सांगायचं. ते आता फक्त माझ्याकडे आहे. काका स्वतःहून पुन्हा म्हणणार नाहीत, त्यांच्या दृष्टीनं ते म्हणून झालेलं आहे.

लिहून ठेवावं का? नको. ही गोष्ट तोंडानंच सांगायची असते. शिवाय तोंडपाठ आहे.

घड्याळ उजव्या हातात. पट्टा दोन भोकं घट्ट.

१ नोव्हेंबर, सकाळी

उशिरा उठलो. नऊला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. दोन्ही पायांत एकाच जोडीचे बूट, तपासून घातले. प्रगती आहे.

मनगट दुखतंय. बघतो तर घड्याळ उजव्या हातात, रक्त साकळेल इतकं घट्ट. कशासाठी बरं? व्हायवासाठीच असणार. मागचं पान वाचायचं नाही हा नियम आहे आणि नियम म्हणजे नियम.

काका टेबलापाशी दुधात ब्रेड भिजवत होते. आज कुठे जायचं नाही, तरी शर्ट इस्त्रीचा. माझ्याकडे बघून हसले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. मी म्हटलं, काका, निघतो, उशीर झालाय.

दारात काकूनं गाठलं. हळू आवाजात म्हणाली, ह्यांची बाथरूममधली तालीम तुझ्या खोलीत ऐकू येत असेल, काल शेवटी ते काय म्हणणार होते? ह्यांना विचारलं तर म्हणतात, सांगितलं की माइकवरून.

तेव्हा झटकन सगळं आठवलं. भिंत, नळाचा आवाज, मी उठून बसलो होतो ते. वाक्याची चाल आठवली, काका कुठे थांबायचे तेही आठवलं. शब्द तेवढे आले नाहीत. ती बघत उभी होती. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, तरी आले नाहीत.

बसबद्दलच काहीतरी होतं, म्हणालो.

ती म्हणाली, वाटलंच मला, यांना दुसरं सुचतंय काय. आणि काकांसाठी दूध गरम करायला आत गेली.

बसमध्ये जागा मिळाली. घड्याळ डाव्या हातात घेतलं. लक्षात ठेवायचं असं आता काही उरलेलं नाही.