वीस पिना

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस की आवाज असा का येतोय, आणि मी ते सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. सकाळपासून मी कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते, म्हणून घसा बसल्यासारखा झाला होता. तू लेकीकडे राहायला गेल्यापासून आपलं बोलणं वहिनीच्या गुडघ्यांवर सुरू होतं आणि नातीच्या दातांवर संपतं. त्यात हे सांगायला जागाच सापडत नाही, म्हणून लिहायला बसले. चष्मा लाव आणि सावकाश वाच. वहिनीला लगेच वाचून दाखवू नकोस.

आमच्या कारखान्यातलं विमानाच्या भागांचं काम थांबलंय हे तुझ्या कानावर आलंच असेल. दीड महिना झाला. विमानाच्या दाराच्या बिजागरीतली आमची एक पिन तपासणीत तडकलेली निघाली. विमान जमिनीवर उभं होतं, कोणाला खरचटलंही नाही. पण विमान कंपनीने आमच्या सगळ्या पिना काढून घेतल्या आणि चौकशी लावली. अर्धे लोक घरी बसलेत. उरलेले कपाटं रंगवतात, फरशी पुसतात, पुसलेली पुन्हा पुसतात. चौकशीत तोंड उघडलं ते मी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मी ताट घेऊन बसले की टेबलावरचे लोक भरभर आवरतं घेतात. वाईट कोणी बोलत नाही, बोललं असतं तर बरं वाटलं असतं. लेथवरचे काका बारा वर्षं माझ्यासाठी चहाचा कप भरून ठेवायचे. आता ते स्वतःचा कप घेऊन खिडकीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांचा जावई घरी बसवलेल्यांत आहे, त्यांना मी काय म्हणणार? मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेते आणि मोजलेलेच नग पुन्हा मोजते. घरी आल्यावर टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं देते. तीही कधी रागावत नाही.

तुझी पिना घडवायची शेड फार आठवते. शाळा सुटली की मी तिकडेच यायचे, आणि दर मापाला ‘नक्की ना?’ विचारायचे, म्हणून तू मला शंकासुर म्हणायचास. पिनेच्या भोकाची कड तू कधी यंत्रावर सोडली नाहीस. शेवटचा हात तुझाच, डावा, बारीक दगडाने. पिनेला इतकं गोंजारता आणि बायकोला नाही, असं वहिनी म्हणायची, आणि तू मान वर न करता सांगायचास की तडा जातो तो कडेपासून, आणि आभाळात गाडी बाजूला घेऊन थांबता येत नाही. मी मोठ्या कारखान्यात लागले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तुला झाला होता. पुढे त्या बिजागरीच्या पिनेच्या कामासाठी तुझी शेड आणि आमचा कारखाना, दोघेच उरलो, तेव्हा आपण ठरवलं होतं की रविवारी जेवताना पिन हा शब्द काढायचा नाही. वहिनीने साडीला लावायला पिन मागितली तरी आपण दोघं हसायचो.

त्या स्पर्धेत काय झालं ते आता तुला कळायला हवं. विमान कंपनीला दोघांनीही वीस-वीस पिना आणि चाचणीचा अहवाल पाठवायचा होता. आमच्या पिना मी ताण देणाऱ्या यंत्रावर लावल्या, त्या ठरलेल्या फेऱ्यांच्या निम्म्यातच तडकल्या. चार दिवसांनी आमच्या मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या वीस आणून दिल्या, म्हणाले पद्धत सुधारली. त्या वीसही पास झाल्या. अहवालावर सही माझी. ताकद तुझ्याइतकीच आणि भाव तुझ्यापेक्षा कमी, म्हणून काम आम्हाला मिळालं. दादा, त्या वीस पिना तुझ्या होत्या. तू पूर्वी विमानांच्या ज्या दुरुस्तीवाल्यांना अशा पिना पुरवायचास, त्यांच्याकडून साहेबांनी त्या गुपचूप उचलल्या, तुझा शिक्का घासून काढला आणि आमचा उमटवला. नंतर विमानांत बसल्या त्या मात्र आमच्या.

मला आठवतं, निकाल लागल्यावर तू आमचा अहवाल मागवून घेतलास आणि शेडमधल्या अकराही जणांना वाचून दाखवलास. मग मला फोन करून म्हणालास, “तेवढीच ताकद कमी भावात, म्हणजे तुमचं काम आमच्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. शिक त्यांच्याकडून.” आठ महिन्यांत तू शेड बंद केलीस. यंत्रं न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी रजा टाकून आले होते. तू मलाच धीर देत होतास.

चौकशीत मी सांगितलं की चाचणीतल्या त्या पिनांचे जुने फोटो चाळताना गेल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, कडेवरचा हात तुझा आहे. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले, दुरुस्तीवाल्यांची कागदपत्रं मागवली, आणि सगळं जुळलं. साहेबांना घरी पाठवलं. समितीतल्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की असं धाडस फार थोड्यांकडे असतं. तेव्हापासून मला झोप नाही. कारखान्यात मी फितूर आहे आणि बाहेर शूर, आणि या दोन्हींतली कोणतीच बाई माझ्या ओळखीची नाही.

दादा, मी फोटो चाळले नव्हते. त्या वीस पिना माझ्या टेबलावर आल्या, पहिली भिंगाखाली धरली, आणि मला तेव्हाच कळलं. तुझा हात मी ओळखणार नाही का? मी साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, “बाई, तुम्ही फक्त मोजा. कुठून आलं ते मोजायचं नसतं.” आणि मी मोजलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते पुरतं खरं नाही. मी जन्मभर तुझी शिकाऊ होते. पहिल्यांदाच आपण समोरासमोर होतो आणि मला जिंकायचं होतं. तुझ्याच हाताच्या कामावर जिंकतेय हे दिसत होतं, तरीही. पिन तडकली नसती तर मी आजही गप्पच असते. सोमवारी सकाळी मी समितीकडे जाऊन जबाब बदलणार आहे. मग समितीचे लोक तुझ्याकडेही येतील, विचारतील. हे तुला परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. मला फोन करायची घाई करू नकोस. आधी त्या अकरा जणांना एकेक करून फोन कर. सांग, की पास झालेल्या पिना त्यांच्याच होत्या, आणि तुझ्या बहिणीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझीच,
धाकटी