शिडाची शिवण

आई, तू जाऊन दहा वर्षं झाली. तू समुद्र कधी पाहिला नाहीस आणि मीही अजून नाही. तरी तीन महिने झाले, साताऱ्याजवळ मेढ्याच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी समुद्र ओलांडायची होडी तयार करतोय. होडी जुनी, शिडाची, आपल्या दोन खोल्यांएवढीही नाही. मालक नौदलातून निवृत्त झालेले साहेब. माघात वारं साथ देतं तोवर आम्ही दोघांनी रत्नागिरीहून आफ्रिकेकडे निघायचं ठरलं होतं. मी कशाला जायचं, तर फाल्गुनात एका मुलीचं लग्न आहे. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी हॉलतिकीट फाडलं, कॉलेज सोडलं आणि तिला सांगितलं, "तुझ्यावर अक्षता पडतील तेव्हा मी भर समुद्रात असेन." ती म्हणाली, "तू? कृष्णेला पूर आला की पुलावर यायला भितोस."

तळ खरवडला, फटी भरल्या, पाण्याचे कॅन बांधले. शिडाचे जुने टाके कुजले होते. साहेबांनी विचारलं, "शिवाया येतं का रं?" म्हटलं, येतं. सांगलीच्या मार्केट यार्डात तू हळदीची पोती शिवायचीस, तिथंच तर शिकलो. एकदा मी मध्येमध्ये गाठी मारल्या, तर तू दाभणाची मूठ माझ्या बोटांवर हाणलीस. "अडकवून ठिवतोस व्हय रं? व्यापाऱ्यानं गाठ कापली की समदी सुतळी एका वढीत निघाली पायजे." मी शीड तसंच शिवलं. सरळ, भराभर, शेवटी एक गाठ. साहेब खूश. "लय चपळ हात हाय गड्या तुजा."

गेल्या रविवारी कण्हेर धरणात होडी उतरवली. शीड फुगतं, साहेब सुकाणू धरून किनाऱ्याकडे बघून हसतायत, आणि माझ्या डोळ्यांसमोर नायलॉनच्या दोऱ्याची गाठ सरकते. वीतभर शिवण उसवते, मग हातभर. मी घाईनं शीड खाली ओढतो.

"काय झालं रं?"

"वारं लय झालं, साहेब."

"ह्याला वारं म्हंतोस? ही तर फुंकर हाय."

चार दिवस घास उतरला नाही. सांगावं तर सगळं शीड नव्यानं शिवायचं, त्यात महिना जाणार, वारं निघून जाणार, आणि तिची वरात मला सांगलीतच बघावी लागणार. न सांगावं तर तिकडं आजूबाजूला नुसतं पाणी, आणि एका गाठीवर आम्ही दोघं. डोळे मिटले की दोऱ्याचा तो सरसर आवाज ऐकू यायचा.

आज सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. साहेबांनी गाठ कापली, दोरा ओढला. अख्ख्या पट्ट्याची शिवण त्यांच्या मुठीत आली. उसवलेलं कापड उजेडात धरून बघितलं. मग विचारलं, "कुणी शिकिवलं असलं?"

"कुणी न्हाई. माझं मीच," मी म्हटलं. तुझं नाव घेववेना.

"आता फुडच्या वर्षी," एवढंच म्हणाले आणि शीड गुंडाळायला लागले.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला भूक लागली, आई. एका बैठकीला चार भाकरी खाल्ल्या. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून पुढचंही लिहितो. दुपारी एसटीडी बूथवरून तिला फोन केला, जाणं राहिलं म्हटलं. तिनं विचारलं, "का रे, जात नाहीस?"

मी म्हणालो, "साहेब घाबरले."