कुरुंद्याचे पर्जन्यमापक कोणाच्या हाती

झालेली हकीकत:

१. जून १९७३ मध्ये मी कुरुंदा (तालुका वसमत, जिल्हा परभणी) येथील माझ्या स्वतःच्या पाच गुंठे जागेत पर्जन्यमापक आणि तापमापकाची पेटी बसवली. गावच्या शाळेतील सातवीची मुले रोज सकाळी पाऊस मोजू लागली.

२. जुलै १९७६ मध्ये पावसाने ओढ दिली असता एका सोमवारी मापकात पाणी निघाले. भोवतालची माती कोरडी होती.

३. मी कुंपण घालून कुलूप लावले. पुढच्या सोमवारी पुन्हा पाणी निघाले.

४. तिसऱ्या सोमवारी मी पहाटेपासून थांबले. शेजारच्या गोजरबाई कुलूप उघडून आत आल्या, त्यांनी मापकात तांब्याभर पाणी ओतले आणि हात जोडले. किल्ली त्यांच्या नातीकडे होती. त्या महिन्यात मोजणीची पाळी तिची होती.

५. येत्या २४ फेब्रुवारीला मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. त्यातून मी उठेनच असे डॉक्टर सांगत नाहीत.

सबब मी, कमल सटवाजी खिल्लारे, वय २९, धर्म बौद्ध, कृषी हवामान विभागात संशोधन सहायक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; बिघाड त्याच्या खाली आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. घालायला दोघांनी पाहिले. त्यांची नोंद पुढे आहे.

कलम १. घरातील माझा हिस्सा आणि सायकल भाऊ अमृतराव याला. जागा नाही. मागच्या रविवारी तो आला होता.

"पाऊस मोजून कुणाचं पोट भरलंय? जागा दे, हळद शिजवतो, तिथंच वाळू घालतो."

"तुझं अंगण आहे."

"पुरत न्हाई. आन् तुला काय झालंच, तर जागा शेवटी माझ्याकडंच यायची की!"

हे बोलल्यावर त्याला वाईट वाटले असावे. असावे, एवढेच म्हणते. मापकातल्या पाण्याचा पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला होता. तो खोटा ठरला म्हणून पुढचेही खोटे ठरतील असे नाही. हळदीची चूल पेटीजवळ आली, तर पारा गावचा नव्हे, कढईचा आकडा दाखवील.

कलम २. सदर जागा आई चांगुणाबाई हिच्या हयातीत तिची, पुढे गावच्या शाळेची. दोघांनाही ती विकता येणार नाही. उपचारातून उरेल ती शिल्लक आईची.

कलम ३. उपकरणे जागेसोबतच राहतील; ती मी पगारातून घेतली आहेत. पावत्या आईच्या पेटीत आहेत. आमच्या विभागप्रमुखांचा त्यांवर हक्क नाही. ओतलेल्या पाण्याचे आकडे आम्ही खोडून बाजूला कारण लिहिले होते. ते पाहून ते म्हणाले, "कमलबाई, ही तर भजनी मंडळाची आकडेवारी! यंत्रं इकडे जमा करा." गावचे हवामान गावातच कसे शिकवावे, यावरचा माझा निबंध त्यांनी पुण्यात स्वतःच्या नावाने वाचला. आभारात माझे नाव ड्रायव्हरच्या नंतर होते. त्यांना काही देणे नाही.

कलम ४. गावातले म्हातारे म्हणतात, पूर्वीचा पाऊस राहिला नाही. मुले विचारतात, बाई, खरं का? मी सांगते, माहीत नाही, मोजा. असे ठरवायला तीस वर्षांचे आकडे लागतात. पाच होत आले. मोजणी तुटली, तर हवामान बदलले की म्हाताऱ्यांची आठवण, हे या मुलांना कधीच कळणार नाही.

कलम ५. शाळेत मुलांची मोजणी पाहणारे ग्यानबा मास्तर प्रामाणिक आहेत, सोमवार ते शनिवार. रविवारी ते औंढ्याला सासुरवाडीला जातात आणि त्या दिवसाचा आकडा अंदाजाने भरतात. विचारले तर म्हणतात, "बाई, आभाळ तिकडूनबी दिसतंय की."

गोजरबाईंना मी त्या पहाटे विचारले होते, "हे काय करून राहिल्या?"

"पाऊस इथंच मोजतेत नव्हं? मग मागायचा बी इथंच."

"कुणी सांगितलं? अमृतरावनं?"

"त्याचं कोण ऐकतंय! औंढ्याला नागनाथाकडं जायचं तर मोटारीचं भाडं लागतंय. हे घराजवळ हाय."

माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. ज्या बाईने आमच्या घरचे पाणी कधी घेतले नाही, तिने माझ्या यंत्रात स्वतःच्या घरचे पाणी आणून ओतले. मी शेजारी त्यांच्यासाठी वेगळे भांडे ठेवले. तेव्हापासून त्यांनी एकही सोमवार चुकवलेला नाही. मुले दोन्ही भांडी शेजारी ठेवून, पडलेले पाणी आणि ओतलेले पाणी यांतला फरक शिकली.

म्हणून कुंपणाची किल्ली मास्तरांकडे, आणि मोजण्याची काच गोजरबाईंकडे राहील. एकाला दुसऱ्यावाचून पाऊस मोजता येणार नाही. रोज, रविवार धरून, दोघांनी मुलांसमोर यावे. दोघांचे पटत नाही, हे मला माहीत आहे. तशीच माणसे हवी होती. आईने गोजरबाईंना चहा विचारावा. घेतला, न घेतला, याची चर्चा करू नये.

यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. वरील मजकूर मी वाचून, खालील दोघांदेखत सही केली. ज्यांना यातून काही मिळते त्यांपैकी कोणालाही साक्षीदार घेतलेले नाही.

सही: कमल सटवाजी खिल्लारे

साक्षीदार:
१. मोहनसिंग धर्मसिंग चव्हाण, पोस्टमन
२. जळबा कोंडीबा दळवी, शेती

मुक्काम कुरुंदा, ता. ९ फेब्रुवारी १९७८

ग्यानबा मास्तर, हे गोजरबाईंना वाचून दाखवावे, तुमच्या रविवारांसकट, काही न गाळता. आई जवळ बसेल. दोघांनी होय किंवा नाही एवढेच कळवावे. उत्तर ‘नाही’ आले तर मुंबईला निघण्याआधी मला दुसरी माणसे शोधावी लागतील, आणि माझ्याकडे ती नाहीत. उत्तर सोमवार, २० फेब्रुवारीपर्यंत द्यावे.