बारा मॅच बाकी

दुबई, ता. २ सप्टेंबर १९६४

प्रिय रशीदाआपा हिस,

धाकट्या लियाकतचा सलाम वि.वि. उष्मा सोडला तर इकडे तक्रार नाही. नूरुद्दीनचाचांनी घातलेली मुदत लक्षात आहे. ऑक्टोबरअखेर मी जयगडला पोचलो तर हमीदाशी निकाह, नाहीतर ते नैरोबीच्या स्थळाला होकार देणार. माझा लीव्हचा अर्ज महिनाभर गॅरेट साहेबांच्या टेबलावर पडून आहे.

साहेब अमेरिकन. त्यांचा जीव फिलाडेल्फियाच्या बेसबॉल टीमवर. हा खेळ म्हणजे विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ समज, पण एप्रिलपासून जवळजवळ रोज मॅच. रेडिओवर स्कोअर ऐकायचा, ऑफिसातल्या फळ्यावर मांडायचा आणि सीझनचं पुढे काय होणार याचा अंदाज लिहायचा, हे टायपिंगच्या वर माझं जादा काम. अंदाज सहसा चुकत नाही. टीम जिंकली की साहेबांचा मूड छान असतो. तशाच एखाद्या दिवशी अर्जाची आठवण करीन, इन्शाल्ला.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
लियाकत

जयगड, ता. ११ सप्टेंबर १९६४

चि. लियाकत यास,

आपाची दुवा. पाऊस उघडला, बोटी सुरू झाल्या. तुझ्या साहेबाची टीम जिंकावी म्हणून पीरबाबांच्या दर्ग्यात मन्नत बोलून आले. नाव जिभेवर बसेना, म्हणून नुसतं साहेबाची टोळी म्हटलं. जिंकली की हिरवी चादर. मुश्ताक मुजावराने विचारलं कुठली टोळी, मी सांगितलं अमेरिकेची. त्याने तसंच वहीत लिहून घेतलं.

हमीदा विहिरीवर भेटते. तुझं नाव घेत नाही, दुबईची हवा मात्र विचारते. मूग गिळून बसायची तुझी सवय मला ठाऊक आहे. साहेबाला एकदाचं विचार.

प्रकृतीला जप आणि बहिणीला विसरू नकोस.

रशीदा

दुबई, ता. २१ सप्टेंबर १९६४

प्रिय आपा हिस,

सलाम वि.वि. मन्नतीची घाई केलीस. काल मी अर्जाचा विषय काढला. साहेब म्हणाले की फिलाडेल्फिया पहिली आली तर फायनल बघायला ते महिनाभर अमेरिकेला जाणार, ऑफिस माझ्यावर. नाही आली तर ते इथेच, मी खुशाल घरी जावं. दोघांनी एकदम जायचं नाही.

आता हिशोब ऐक. बारा मॅच बाकी, आणि आमची टीम इतरांपेक्षा साडेसहा मॅचनी पुढे. आता घसरायचं तर ओळीने हरत सुटावं लागेल. असं होत नाही. मी फळ्यावर 'फिलाडेल्फिया पहिली' लिहून खाली सही केली. साहेबांनी विमानाचं तिकीट काढलंसुद्धा.

तेव्हा हमीदाला टांगून ठेवणं बरं नाही. सोबत चाचांच्या नावे बंद चिठ्ठी आहे. मी येऊ शकत नाही, त्यांनी नैरोबीला होकार द्यावा, एवढाच मजकूर. होणाऱ्या सासऱ्याला मुलाने थेट टपालाने लिहायचं नाही ही आपली रीत, म्हणून तुझ्या हाती. मला फार वाईट वाटतंय. पण खलास म्हणजे खलास.

रागावलीस तरी लोभ ठेव.

लियाकत

जयगड, ता. ३० सप्टेंबर १९६४

चि. लियाकत यास,

दुवा. चिठ्ठी पोचवली. नूरुद्दीनचाचा शेतावर होते, म्हणून हमीदाच्या हातात दिली. तिने मजकूर विचारला. माझ्याने खोटं बोलवेना. मॅच संपल्या का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, पत्र निघालं तेव्हा बारा बाकी होत्या. ती आत गेली, मला चहासुद्धा विचारला नाही.

शाळेत गणितात पहिला यायचास, त्याचं हे फळ. आज जास्त लिहवत नाही.

रशीदा

दुबई, ता. ५ ऑक्टोबर १९६४

प्रिय आपा हिस,

सलाम वि.वि. टीम ओळीने दहा मॅच हरली. काल सीझन संपला, फिलाडेल्फिया एका मॅचने मागे राहिली. साहेब फळ्यासमोर उभे राहिले, माझी सही बघितली, तिकीट रद्द करायला सांगितलं आणि अर्जावर सही केली. मला फक्त यल्ला, म्हणजे चल नीघ, म्हणाले.

लीव्ह हातात आहे, आणि ज्यासाठी यायचं ते मीच पाकिटात घालून नको म्हणून कळवलं. दहा तारखेच्या बोटीने निघतोय. हमीदाचं लग्न ठरलं असेल तर तारीख मुंबईला बानूखालाच्या पत्त्यावर कळव. तेवढे दिवस तिकडेच राहीन, गावात येणार नाही.

तुझा मूर्ख भाऊ,
लियाकत

जयगड, ता. १३ ऑक्टोबर १९६४

चि. लियाकत यास,

दुवा. मन्नत फळली नाही, तरी चादर चढवून आले. मुश्ताकने विचारलं टोळी जिंकली का, मी म्हटलं हरली. त्याने चादर घेतली.

तिथून तुझं पत्र घेऊन नूरुद्दीनचाचांकडे गेले. मी मान खाली घालूनच बसले. चाचा म्हणाले की मंडपाला माणसं सांगायची आहेत, लियाकत नक्की कधी पोचतो. त्यांना कसली चिठ्ठी नि कसलं काय. मग हमीदाने तांदळाच्या डब्यातून ती काढून मला दिली, गोंदसुद्धा सुटलेला नाही. म्हणाली की बारा बाकी असताना अब्बांना काय द्यायची, संपल्याची खबर आली की देणार होते. चिठ्ठी सोबत परत पाठवते आहे.

मुंबईत मुक्काम ठोकू नकोस, पहिली बोट धर. येताना जिवाला सांभाळ.

तुझी आपा,
रशीदा

ता.क. हमीदा हल्ली दुबईची हवा विचारत नाही. मुंबईची बोट किती वाजता लागते ते विचारते.