औंदा पाऊस लवकर

महाड, २१ मे २००३

प्रिय जितू,

तुझं मस्कतहून आलेलं पत्र मिळालं. इतक्या सुंदर अक्षरात इतकं कडू लिहिणं तुलाच जमतं हो. "लाल गाडी विकून टाक, म्हणजे आबांच्या डोळ्यांसमोरची ब्याद टळेल आणि मलाही गावाकडे यायला काही कारण उरणार नाही," असं लिहिलंस. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. जितू गाडी विकायची म्हणतोय, एवढंच सांगितलं. आबा तिथेच ओटीवर नारळ सोलत बसले होते. ऐकलं की नाही, काही कळू दिलं नाही. तर आता त्या गाडीचं काय झालं ते सगळं ऐक. फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच तुझा आवाज चढला असता. पत्रात कसं, तुला गप्प बसून ऐकावंच लागतं.

ती गाडी वाडीत आणलीस तो दिवस मला अजून आठवतो. भायखळ्याच्या तुझ्या मालकांनी म्हातारपणी मोठ्या विश्वासाने तुझ्या हवाली केलेली विलायती गाडी. दोनच दारं, दोनच माणसांची जागा, छप्पर मागे दुमडणारं. पोलादपूरपासून जीपला बांधून वर ओढत आणलीस आणि आठ दिवस तिच्याखाली झोपून सुरू केलीस. वाडीतल्या प्रत्येकाला आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत फिरवून आणलंस. आबांना मात्र तुझ्याकडून टेम्पो हवा होता, दूध पोलादपुरात न्यायला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात दुधाचं कॅन कुठं ठेवायचं? मांडीवर?" सगळी वाडी हसली, तू हसला नाहीस. मग शब्दाने शब्द वाढला. "ह्ये डबडं माज्या डोळ्यांम्होरं नको," आबा म्हणाले. "मग मीही नको," असं म्हणून तू पिशवी उचललीस. पाच वर्षं झाली त्याला. तुम्ही दोघं एकाच खाणीतले दगड, फुटाल पण वाकणार नाही.

तर तुझ्या सांगण्याप्रमाणे गिऱ्हाईक पाहिलं. पुण्याचे एक गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन. परवा महाबळेश्वरवरून घाट उतरून आले. मी इथून हैबती मिस्त्रीला नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल घेऊन वर वाडीत नेलं. गोठ्याच्या पडवीतून तुझी गाडी बाहेर काढली तेव्हा मलाच नवल वाटलं. तरटाखाली लाल रंग तसाच होता, कुठे गंजाचा ठिपकासुद्धा नाही. हैबती म्हणाला, ही तर आत्ता सुरू होईल. झाली नाही! सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, दोनदा खोकायचं आणि गप्प. त्याने प्लग काढून करंट पाहिला, चांगला निळा करंट. पॉइंट कानशीने घासले. कार्बोरेटर खोलून तोंडाने फुंकला, तोंड पेट्रोलने कडू करून घेतलं. चोक ओढला, सोडला. पुन्हा दोन खोकले आणि गप्प. शेजारच्या चंद्राबाईने मीठमोहरी ओवाळून टाकली, कारण तिच्या मते पुणेकराची नजर वाईट होती. पुणेकर बिचारे घाम पुसत उभे. आणि आबा आमच्याकडे पाठ करून ओटीवर सुपारी कातरत बसलेले, जसं काही हे सगळं दुसऱ्याच्या अंगणात चाललंय.

शेवटी हैबतीने मला सेल्फ मारायला लावलं आणि बोनेटवर हात ठेवून नुसतं ऐकलं. मग म्हणाला, "ताय, ही पेट घेत्ये आनि गुदमरत्ये. धूर भायर पडत नाय." गाडीच्या मागे जाऊन तो खाली वाकला आणि हसायलाच लागला. सायलेन्सरच्या तोंडात शेणामातीचं घट्ट बूच होतं! भाताच्या कणगीचं तोंड लिंपतात ना, तस्सं, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेलं. आईने तेव्हा सांगितलं, हे आबांचं दरवर्षीचं काम. तुझ्या गाडीत साप-उंदीर शिरू नयेत म्हणून मृगाआधी ती नळी बुजवायची, दसऱ्याला मोकळी करून, गाडी पुसून, झेंडूची माळ घालायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. आबांनी आईला बोलू दिलं नव्हतं.

पण जितू, खरी गंमत पुढेच आहे. मृगाला अजून अवकाश आहे आणि ते बूच ओलं होतं. हैबतीने कोयतीच्या टोकाने ते बाहेर काढलं, तर त्यावर अंगठ्याचा ताजा ठसा आणि ठशावर आडवी रेघ. आबांच्या अंगठ्यावर कोयत्याचा वण आहे, तोच. आम्ही सगळे ओटीकडे बघायला लागलो. आबा अडकित्ता चालवत म्हणाले, "औंदा पाऊस लवकर हाय." आकाशात ढगाचं पिल्लूसुद्धा नव्हतं रे!

मग गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. काळा धूर, चंद्राबाईच्या कोंबड्या थेट कौलांवर, आणि तो आवाज! आई रडायला लागली. पुणेकर खूश होऊन पुढे आले, तशी आबा उठले. त्यांनी पाहुण्यांना हाताला धरून जेवायला बसवलं, घावने वाढायला लावले आणि सांगितलं, "गाडी माजी नाय, पोराची हाय. पोरगा हितं हुबा ऱ्हाऊन सांगंल तवा बघू." माणूस भला, रागावला नाही. त्याची जीप घाटाला लागल्यावर आबांनी गोठ्यातून दुधाचं कॅन आणलं, तुझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिले. "बसतंय की," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

निघताना त्यांनी मला अंगणाच्या कडेपर्यंत पोचवलं. आजवर कधी पोचवलं नव्हतं. म्हणाले, "शकू गो, जित्याला इचार, गनपतीला येतोय काय. येत असंल तर नळी बुजवत नाय, दर आयतवारी गाडी चालू करून ठेवीन. येत नसंल तर मृगाआधी बुजवाया पायजे." आबांना याहून सरळ बोलता येत नाही, आणि तुलाही येत नाही, म्हणून मध्ये मी. मृगाला आता अडीचच आठवडे उरलेत आणि आबांनी अजून माती भिजवलेली नाही. तेव्हा बाकी काही लिहू नकोस, एवढंच कळव: बुजवायची की मोकळी ठेवायची?

तुझीच,
शकूताई